एएमटी गाडी झटके मारते, गिअर घेत नाही : अ‍ॅक्च्युएटर बदलण्याआधी काय तपासायचं

छोट्या एएमटी गाडीत (साधा गिअरबॉक्स, पण क्लच आणि गिअर यंत्र बदलतं अशी गाडी) काही बिघडलं की गॅरेजमध्ये बहुतेक वेळा एकच निदान ऐकू येतं : अ‍ॅक्च्युएटर (क्लच आणि गिअर हलवणारं यंत्र) गेला, पूर्ण बदलावा लागेल. खर्च पाच आकडी सांगितला जातो आणि मालक घाबरून हो म्हणतो. अ‍ॅक्च्युएटर जातो हे खरं, पण तो शेवटचा संशयित आहे. त्याआधी बॅटरी, अर्थिंगची तार, ब्रेक लाइटचं स्विच, ओलावलेला कनेक्टर आणि झिजलेली क्लच प्लेट हे पाच जण रांगेत उभे असतात, आणि या पाचांची लक्षणं अ‍ॅक्च्युएटरच्या बिघाडासारखीच दिसतात. तपासणी स्वस्ताकडून महागाकडे न्यायची, उलटी नाही. पुढचं बहुतेक याच क्रमाने लिहिलं आहे, फक्त कनेक्टरची तपासणी कोडच्या भागात आहे.

आधी आपल्या गाडीत कोणता गिअरबॉक्स आहे ते ओळखा

‘ऑटोमॅटिक’ या एका शब्दाखाली चार वेगळी यंत्रं विकली जातात : टॉर्क कन्व्हर्टर, सीव्हीटी, डबल क्लच आणि एएमटी. एकाचा उपाय दुसऱ्याला लागू पडत नाही. ओळखण्याची सोपी खूण म्हणजे गिअरचा दांडा. त्यावर आर (रिव्हर्स), एन (न्यूट्रल), डी (ड्राइव्ह) आणि बाजूला एम (मॅन्युअल), अधिक, उणे एवढंच असेल आणि पी (पार्किंग) नसेल, तर भारतातल्या छोट्या गाड्यांत ती जवळजवळ नक्कीच एएमटी. पी असेल तर बाकीच्या तिघांपैकी एक.

आपल्याकडे ही पद्धत २०१४ मध्ये मारुती सेलेरिओपासून रुळली. मारुती तिला एजीएस म्हणते, रेनोने क्विडमध्ये ईझी-आर म्हटलं, ह्युंदाईने २०१८ च्या सँट्रोमध्ये स्मार्ट ऑटो. नावं वेगळी असली तरी आतली कल्पना एकच आहे. गिअरबॉक्स साधा, हाताने बदलायचा असतो तोच. क्लचही तोच, कोरडा, एका प्लेटचा. फक्त डाव्या पायाचं आणि डाव्या हाताचं काम यंत्राकडे दिलेलं असतं. म्हणून एएमटीचे निम्मे आजार मॅन्युअल गाडीचेच आहेत, आणि उरलेले निम्मे त्या यांत्रिक पाया-हाताला वीज, दाब किंवा खबर नीट न मिळाल्याचे.

ते काम करणारी व्यवस्था दोन प्रकारची असते. पहिल्या प्रकारात तेलाचा दाब वापरतात. विजेवर चालणारा छोटा पंप तेल दाबून एका साठवण-डब्यात भरतो. त्या डब्याला अ‍ॅक्युम्युलेटर म्हणतात आणि त्यात पडद्याच्या एका बाजूला नायट्रोजन वायू भरलेला असतो. सोलेनॉइड व्हॉल्व्ह (विजेने उघडणाऱ्या झडपा) उघडले की ते दाबलेलं तेल क्लच ढकलतं आणि गिअर निवडतं. दाब साधारण ४० ते ५० बार, म्हणजे टायरमधल्या हवेच्या जवळजवळ वीसपट. दुसऱ्या प्रकारात तेल नसतं. विजेच्या मोटरी थेट क्लच आणि गिअर हलवतात, सँट्रोमध्ये होतं तसं. आपली गाडी तेलाची की मोटरची, हे सर्व्हिस सेंटरला विचारून एकदा लिहून ठेवा. पुढची बरीच तपासणी त्यावर ठरते.

तेलाच्या व्यवस्थेत ड्रायव्हरचं दार उघडताच बॉनेटखालून दोन-तीन सेकंद घूं असा आवाज येतो. नव्या मालकांना यात बिघाड वाटतो. गाडी सुरू होण्याआधीच पंप दाब भरून ठेवतो, त्याचा तो आवाज. उलट इतकी वर्षं येणारा हा आवाज अचानक बंद झाला, तर ती काळजी करण्याची गोष्ट.

जे बिघाड वाटतं पण बिघाड नसतं

पहिल्यावरून दुसरा, दुसऱ्यावरून तिसरा पडताना गाडी क्षणभर ढिली पडते आणि मान पुढे झुकते. त्या क्षणी क्लच सुटलेला असतो आणि चाकांना ताकद मिळत नाही. हे या यंत्राचं अंगभूत वागणं आहे, कोणतीही दुरुस्ती ते घालवू शकत नाही. गिअर पडायच्या बेताला अ‍ॅक्सिलरेटरवरचा पाय किंचित हलका केला की हे झुकणं निम्म्याहून कमी होतं. आठवडाभरात पायाला सवय लागते.

चढावर गाडी दुसरा-तिसरा, दुसरा-तिसरा करत राहते, तीही तक्रार नेहमीची. कॉम्प्युटरला पुढचा चढ दिसत नाही, त्याला फक्त वेग आणि तुमचा पाय कळतो. अशा वेळी दांडा एमकडे घ्या आणि दुसऱ्यात ठेवा. खंबाटकी किंवा कसारा चढताना ट्रकच्या मागे अडकलात तर एम हाच मार्ग.

पहिली तपासणी : बॅटरी

एएमटीच्या तक्रारी बॅटरीपासून सुरू करायच्या, मग लक्षण काहीही असो. पंप किंवा मोटर सुरू होताना एकदम मोठा प्रवाह ओढते. बॅटरी दमलेली असेल तर व्होल्टेज कोसळतं, कॉम्प्युटर गोंधळतो आणि गिअर अर्ध्यात सोडून दिवा लावतो. मॅन्युअल गाडीत तीच बॅटरी अजून सहा महिने चालली असती.

पाचशे रुपयांच्या आतला डिजिटल मल्टिमीटर पुरतो. २० व्होल्ट डीसीवर ठेवा.

१. गाडी किमान चार तास बंद असताना बॅटरीच्या दोन टोकांवर मोजा. १२.६ म्हणजे भरलेली, १२.४ म्हणजे पाऊण, १२.२ म्हणजे अर्धी. १२.० किंवा खाली असेल तर पुढची तपासणी थांबवा, आधी बॅटरी चार्ज करा.

२. कुणालातरी स्टार्टर मारायला सांगा आणि आकडा कुठवर पडतो ते पाहा. १० च्या वर राहायला हवा. ९.६ च्या खाली गेला तर बॅटरी बदलायला झाली, भले गाडी सुरू होत असेल.

३. इंजिन सुरू, एसी, दिवे, पंखा चालू. आकडा १३.५ ते १४.५ च्या दरम्यान हवा. त्याहून कमी असेल तर अल्टरनेटर किंवा त्याचा पट्टा पाहा. स्मार्ट चार्जिंग असलेल्या गाड्यांत हा आकडा मुद्दाम खालीवर होत असतो, तिथे एका वाचनावर निर्णय घेऊ नका.

४. आता अर्थिंग. मीटरची एक तार बॅटरीच्या उणे टोकावर, दुसरी इंजिनच्या उघड्या धातूवर. स्टार्टर मारताना ०.२ व्होल्टच्या आसपास किंवा कमी दिसायला हवं. ०.५ च्या वर गेलं तर इंजिनकडे जाणारी अर्थिंगची जाड तार गंजली आहे किंवा तिचा बोल्ट ढिला आहे.

हा चौथा मुद्दा गॅरेजमध्येही अनेकदा राहून जातो. कोकणात आणि मुंबईच्या खाऱ्या हवेत अर्थिंगच्या लगवर (तारेच्या टोकाच्या धातूच्या कडीवर) पांढरी-हिरवी बुरशी चढते. तार वरून ठीक दिसते आणि आतून सडलेली असते. बॅटरीची उणे तार काढा, लग काढून काचकागदाने धातू चमकेपर्यंत घासा, घट्ट बसवा, वरून व्हॅसलीन किंवा ग्रीसचा पातळ थर द्या. खर्च जवळजवळ शून्य.

बॅटरीची तार काढताना एक पथ्य पाळा. इग्निशन बंद केल्यावर किमान एक मिनिट थांबा. गिअरचा कॉम्प्युटर बंद झाल्यावरही थोडा वेळ जागा असतो आणि शिकलेले आकडे साठवत असतो. मधेच वीज तोडली तर ते आकडे अर्धवट राहू शकतात आणि नंतर गाडी उगाच झटके मारते. ‘बॅटरी काढून जोडली की रिसेट होतं’ हा सल्ला म्हणूनच घातक आहे. दिवा विझतो, पण कारण तसंच राहतं, आणि बिघाडाचा नोंदलेला कोड पुसला जाऊ शकतो. आधी कोड वाचा, लिहून घ्या, मग हवं ते करा.

बाहेरून बसवलेले मोठे दिवे, अ‍ॅम्प्लिफायर, दोन हॉर्न यांच्या तारा कुठून घेतल्या आहेत तेही बघा. इग्निशनच्या तारेला मधेच कापून जोड दिला असेल तर तो जोड काढून रिले आणि वेगळा फ्यूज लावून घ्या.

गाडी सुरूच होत नाही, किंवा एनमधून डीमध्ये जात नाही

एएमटी गाडी साधारणपणे एनमध्ये आणि ब्रेक दाबलेला असतानाच सुरू होते. ब्रेक दाबला आहे ही खबर कॉम्प्युटरला पेडलच्या वरच्या छोट्या स्विचकडून मिळते, तेच स्विच मागचे लाल दिवेही लावतं. तेव्हा गाडी भिंतीकडे पाठ करून उभी करा, ब्रेक दाबा, आरशात लाल उजेड दिसतो का पाहा. एकही दिवा लागत नसेल तर आधी फ्यूज, मग स्विच. दिवे लागत असूनही कॉम्प्युटर ऐकत नसेल तर स्विचच्या आतल्या दोन जोड्यांपैकी एक खराब असू शकते, कारण बऱ्याच गाड्यांत एक जोडी दिव्यासाठी आणि दुसरी कॉम्प्युटरसाठी असते. हा सुटा भाग काहीशे रुपयांत मिळतो आणि पेडलखाली वाकून पंधरा मिनिटांत बदलता येतो. नवीन बसवताना पेडल हाताने वर ओढून धरा आणि सूचनेप्रमाणे स्विचची लांबी बसवा, नाहीतर ब्रेक न दाबताही दिवे जळत राहतील.

आर पडत नाही आणि एन लुकलुकतो, हे जुन्या मॅन्युअल गाडीतही व्हायचं. आतल्या दोन चाकांचे दात समोरासमोर आले की गिअर आत सरकत नाही. ब्रेक दाबून ठेवा, दांडा एनमध्ये आणा, एकदा डीमध्ये टाका, अक्षर स्थिर झालं की परत एन आणि मग आर. दात जरासे फिरतात आणि गिअर बसतो. महिन्यातून एखाद्या वेळी झालं तर सोडून द्या. रोज होऊ लागलं तर क्लच पूर्ण सुटत नाही असा त्याचा अर्थ, आणि ते तपासायलाच हवं.

गाडी पूर्ण थांबल्याशिवाय डीवरून आरवर जाऊ नका. पार्किंगमध्ये घाईत मागेपुढे करताना हे सर्रास होतं. थांबा, दांडा हलवा, डॅशबोर्डवर अक्षर स्थिर उमटेपर्यंत एक सेकंद जाऊ द्या, मग ब्रेक सोडा.

क्लच : खरा झिजणारा भाग

ज्या गाड्या शहरातल्या गर्दीत वाढल्या, त्यांच्या तक्रारींचं मूळ बहुतेक इथेच असतं. क्लच प्लेट झिजत जाते तसा तो पकडायला लागतो ती जागा सरकते. कॉम्प्युटर ती नवी जागा शिकत जातो आणि मालकाला काही कळत नाही. मॅन्युअल गाडीत पेडल वर येऊन इशारा देतं, इथे पेडलच नाही. शिकण्याची मर्यादा संपली की एके दिवशी सगळं एकदम बिघडल्यासारखं वाटतं, आणि मग अ‍ॅक्च्युएटरवर आळ येतो.

क्लच घसरतो आहे का, हे स्वतः तपासता येतं. रिकामा, सपाट रस्ता निवडा, सोबत एक जण आकडे बघायला घ्या. एम मोडमध्ये तिसरा किंवा चौथा गिअर लावा. ४० च्या वेगाला आरपीएम किती ते बघा. समजा २,००० आहे. आता अ‍ॅक्सिलरेटर पाऊण दाबा, पूर्ण तळाला नेऊ नका, नाहीतर गिअर आपोआप खाली पडेल. गिअर तोच असेल तर आरपीएम आणि वेग यांचं प्रमाण बदलूच शकत नाही : ५० ला २,५००, ६० ला ३,०००. वेग ४२ वर असतानाच काटा २,८०० वर उडाला तर क्लच घसरतो आहे, यात शंका नको. सहाशे-सातशे किलोमीटर आणखी ओढण्यात बचत नाही, उलट फ्लायव्हीलवर (क्लच प्लेट ज्याला पकडते त्या इंजिनच्या जड चाकावर) निळे डाग पडून तोही खर्च वाढतो.

दुसरं लक्षण म्हणजे सुटताना होणारी थरथर. गाडी हलायला लागते तेव्हा पूर्ण अंग हलतं आणि दहा-पंधराच्या वेगाला थांबतं. तापून चकचकीत झालेली प्लेट, प्रेशर प्लेटवरचे (क्लच प्लेटला दाबून धरणाऱ्या चकतीवरचे) जळके ठिपके, किंवा प्लेटवर गळलेलं तेल ही कारणं. पण त्याआधी दोन स्वस्त गोष्टी बघा. एक, इंजिन माउंटिंग, म्हणजे इंजिन धरणारे रबरी आधार : इंजिन बंद ठेवून बॉनेट उघडा आणि रबर फाटलं आहे का पाहा. दोन, थ्रॉटल बॉडी (इंजिनात जाणारी हवा सोडणारी झडप) : काळी काजळी साठली की आयडलिंग खालीवर होतं आणि क्लच चुकीच्या क्षणी पकडतो. साफ करायला अर्धा तास लागतो. कितीतरी गाड्यांची थरथर इथेच संपते.

क्लच बदलायचाच ठरला तर अर्धं काम करून घेऊ नका. गिअरबॉक्स खाली उतरवण्याची मजुरीच मोठी असते, म्हणून प्लेट, प्रेशर प्लेट आणि रिलीज बेअरिंग (क्लच सोडवणारं बेअरिंग) तिन्ही एकदम बदला. फ्लायव्हीलवर निळे डाग किंवा केसासारख्या भेगा आहेत का ते स्वतः डोळ्यांनी पाहा. क्रँकचं मागचं ऑइल सील आणि गिअरबॉक्सच्या इनपुट शाफ्टचं सील ओलं दिसलं तर त्याच वेळी बदला, नाहीतर नवी प्लेट दोन महिन्यांत तेलाने भिजेल. शाफ्टच्या खाचांना सांगितलेलं ग्रीस अगदी पातळ लावा. जास्त लावलं तर फिरताना उडून प्लेटवर जातं. गिअरबॉक्सचं तेलही नवं घाला. त्याचं नेमकं माप आणि दर्जा मॅन्युअलमध्ये छापलेला असतो.

आणि मग कॅलिब्रेशन. नवा क्लच कुठे पकडतो हे कॉम्प्युटरला स्कॅनरने शिकवावं लागतं. बाहेरचा मेकॅनिक उत्तम क्लच बसवेल, पण त्याच्याकडे त्या कंपनीच्या गिअर कॉम्प्युटरशी बोलणारा स्कॅनर नसेल तर गाडी आधीपेक्षा वाईट चालेल आणि दोष नव्या क्लचला जाईल. काम देण्याआधी हाच एक प्रश्न विचारा : बसवल्यावर क्लच लर्निंग तुम्ही करणार का? उत्तर गुळमुळीत आलं तर गाडी दुसरीकडे न्या. लर्निंग करताना गाडी सपाट जागेवर, हँडब्रेक ओढलेला, इंजिन गरम, एसी बंद आणि बॅटरीला चार्जर लावलेला असावा. मधे इग्निशन बंद करू नये.

तेलाचा दाब : पंप, अ‍ॅक्युम्युलेटर, गळती

हा भाग फक्त तेलाच्या व्यवस्थेसाठी. रात्री शांत जागी गाडी उभी करा, इंजिन बंद, इग्निशन फक्त ऑन, काचा खाली. पंप एकदा चालेल आणि थांबेल. दांडा न हलवता घड्याळ लावून ऐकत राहा. निरोगी व्यवस्थेत दाब टिकतो आणि पंप बराच वेळ गप्प राहतो. दर काही सेकंदांनी पुन्हा पुन्हा घूं होत असेल तर दाब कुठेतरी निसटतो आहे. बाहेर तेलाचा ओलावा दिसला तर पाइप किंवा सील. सगळं कोरडं असेल तर आतल्या सोलेनॉइडमधून दाब परत तेलाच्या डबीत (पंप जिथून तेल घेतो तिच्यात) झिरपतो आहे. पंप उभ्या गाडीत शांत राहतो, पण प्रत्येक गिअर बदलला की लगेच चालू होतो, असं असेल तर अ‍ॅक्युम्युलेटरमधला नायट्रोजन संपत आला. तो भाग अनेक व्यवस्थांत वेगळा मिळतो, त्यासाठी पूर्ण अ‍ॅक्च्युएटर टाकून द्यायची गरज नसते. याकडे दुर्लक्ष केलं तर अखंड धावून पंपाची मोटर जळते, आणि मग मात्र खर्च खरंच मोठा होतो.

डबीतल्या तेलाची पातळी नुसती पाहून तेल ओतू नका. दाब भरलेला असताना तेल अ‍ॅक्युम्युलेटरमध्ये गेलेलं असतं आणि पातळी खाली दिसते. दाब सुटला की तेच तेल परत येतं. खाली दिसली म्हणून भरलंत तर नंतर ते ओसंडतं. पातळी मॅन्युअलमधल्या अवस्थेतच मोजायची, आणि तेल कंपनीने सांगितलेलंच. ब्रेक ऑइल तर चुकूनही नाही, त्याने या व्यवस्थेतले रबरी सील फुगतात आणि सगळाच संच खराब होतो.

या पाइपचा एकही नट घरी ढिला करू नका. चाळीस बारचं तेल कातडीतून आत शिरू शकतं. आधी स्कॅनरने दाब सोडतात आणि मगच पाना लावतात.

दिवा लागला : कोड काय सांगतो

ब्लूटूथचा छोटा ओबीडी स्कॅनर हजार-बाराशेत मिळतो. इंजिनचे कोड तो वाचतो, गिअरच्या कॉम्प्युटरपर्यंत प्रत्येक वेळी पोहोचतोच असं नाही. तरी सुरुवातीला तो पुरेसा आहे. पी ०७०० हा कोड दिसला तर त्याचा अर्थ इतकाच की गिअरच्या कॉम्प्युटरकडे तक्रार आहे, आत जाऊन बघा. फक्त एवढ्या कोडवर कुणी भाग बदलायला सांगितला तर नकार द्या. पी ०५६२ म्हणजे व्होल्टेज कमी, बॅटरी आणि अर्थिंगकडे परत जा. पी ०५७१ ब्रेक स्विचचा. पी ०७१५ आणि पी ०७२० आत येणारी आणि बाहेर जाणारी गती मोजणाऱ्या सेन्सरचे, यात सेन्सरपेक्षा त्याची तार किंवा कनेक्टर जास्त वेळा दोषी निघतो. पी ०८०५ क्लचची जागा सांगणाऱ्या सेन्सरच्या सर्किटचा, पी ०८१० क्लच सांगितलेल्या जागी न पोहोचल्याचा. हा दुसरा झिजलेल्या क्लचनेही येतो, कमी दाबानेही आणि अडकलेल्या अ‍ॅक्च्युएटरनेही, म्हणून इथे घाई नको. पी ०९०० क्लच अ‍ॅक्च्युएटरच्या विजेच्या जोडणीचा, पी ०९१४ गिअर कुठे आहे ते सांगणाऱ्या सर्किटचा.

कनेक्टर तपासायचा म्हणजे काढून पुन्हा बसवायचा एवढंच नाही. इग्निशन बंद, बॅटरी सुटी, मग खटका दाबून काढा. आतल्या पिना हिरव्या झाल्या आहेत का, एखादी वाकली आहे का, रबराची कडी जागेवर आहे का पाहा. इलेक्ट्रिकल कॉन्टॅक्ट क्लीनर मारा, वाळू द्या, बसवा. उंदरांनी तारेचं आवरण कुरतडलंय का हेही बघा, विशेषतः सोसायटीच्या तळघरात किंवा शेताजवळ गाडी लागत असेल तर. प्रेशरने इंजिन धुऊन घेण्याची सवय असेल तर एएमटीत ती सोडा.

पावसाळ्यात गाडी चाकाच्या मध्यापर्यंत पाण्यातून गेली असेल तर दुसऱ्या दिवशी दोन गोष्टी होऊ शकतात. रात्रभर ओल्या क्लच प्लेटवर गंज धरून ती फ्लायव्हीलला चिकटते आणि सकाळी गिअर पडत नाही किंवा कर्रर्र आवाज करतो. शिवाय गिअरबॉक्सच्या श्वासनळीतून पाणी आत गेलं तर तेल दुधाळ होतं. ड्रेन बोल्ट जरासा ढिला करून दोन थेंब पाहिले की कळतं. दुधाळ असेल तर त्याच दिवशी तेल बदला.

वर्कशॉपमध्ये काय मागायचं

‘अ‍ॅक्च्युएटर गेला’ हे वाक्य आलं की पुढील चार गोष्टी लेखी किंवा स्क्रीनच्या फोटोत मागा : सगळे कोड, तो कोड पडला तेव्हाचं व्होल्टेज आणि वेग, क्लच झीज किंवा पकडण्याच्या जागेचं वाचन, आणि तेलाची व्यवस्था असेल तर पंप चालू-बंद होतानाचा दाब. हे चार आकडे अधिकृत स्कॅनरवर सहसा दिसतात. दाब व्यवस्थित, विजेची जोडणी व्यवस्थित, क्लच नवा किंवा झीज कमी, आणि तरीही क्लच किंवा गिअर सांगितल्या जागी जात नसेल, तर अ‍ॅक्च्युएटरचं निदान पटण्यासारखं आहे. मग बदला, आणि लर्निंग त्यातही करावंच लागतं.

रोजच्या चालवण्यात क्लच कुठे जळतो

चढावर गाडी अ‍ॅक्सिलरेटरवर तोलून धरणं हा एएमटीचा सर्वांत मोठा शत्रू. टॉर्क कन्व्हर्टरची गाडी ते सहन करते, इथे मात्र क्लच अर्धा पकडून घासत राहतो आणि दोन-तीन मिनिटांत जळका वास सुटतो. जुन्या कात्रज घाटातल्या रांगेत उभे असाल तर ब्रेकने किंवा हँडब्रेकने धरा. सुटताना हँडब्रेक ओढलेला ठेवून अ‍ॅक्सिलरेटर हलका द्या, गाडीचं नाक किंचित उचललं की क्लचने पकडलं, मग हँडब्रेक सोडा. हिल होल्ड (चढावर गाडी आपोआप धरणारी सोय) असला तरी तो जेमतेम दोन सेकंद धरतो.

रांगेत फूट-फूट सरकू नका. पुढे गाडीभर जागा होऊ द्या, मग एकदाच सरका. सिग्नल अर्ध्या मिनिटाहून लांब असेल तर एन. ब्रेक दाबून डीमध्ये उभं राहिलं तर प्लेट घासत नाही, पण रिलीज बेअरिंगवर सतत भार राहतो. तळघरातून रिव्हर्समध्ये चढ चढायचा असेल तर मधे न थांबता एका दमात चढा.

वास आलाच किंवा तापल्याचा इशारा वाजला तर गाडी बाजूला घ्या, एन, हँडब्रेक, इंजिन चालू ठेवून पंधरा-वीस मिनिटं थांबा. घाई करून पुढचा चढ चढलात तर उरलेली प्लेटही जाईल.

उताराला एम मोडमध्ये दुसरा किंवा तिसरा. एन लावून उतार उतरणं धोक्याचं आहे, इंजिनचा ब्रेक सुटतो आणि सगळा भार ब्रेकच्या पॅडवर येतो.

गाडी लावताना पी नसल्यामुळे हँडब्रेक आणि गिअर दोन्ही हवेत. ब्रेक दाबून ठेवून डीमध्ये, उताराला तोंड असेल तर आरमध्ये, इग्निशन बंद करा. गिअर तसाच अडकून राहतो. बंद करण्याआधी अक्षर स्थिर आहे का ते पाहायला विसरू नका.

रस्त्यात अडलात तर एक नियम : गाडी एनमध्ये येत असेल तर ती मॅन्युअल गाडीसारखी ओढता येते. गिअरमध्ये अडकून बसली असेल तर पुढची चाकं उचलून किंवा पूर्ण गाडी ट्रकवर चढवूनच न्या, दोरी बांधून फरफटवू नका. धक्का मारून सुरू करण्याचा प्रयत्नही नको, कारण बॅटरी संपलेली असताना क्लच दाबायला कुणीच नसतं. जंप केबलने दुसऱ्या गाडीची बॅटरी जोडा, सुरू झाल्यावर दहा मिनिटं तशीच चालू द्या, आणि घरी पोहोचल्यावर बॅटरीच्या चार मोजमापांपासून पुन्हा सुरुवात करा.